पंचांच्या गणवेशावरचे नाव

जुलै २०२१ मध्ये अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलच्या सामन्यांत एक गोष्ट पहिल्यांदाच घडली. पंचांच्या गणवेशावर एका कंपनीचे नाव झळकले. खेळाडूंच्या अंगावर, मैदानाच्या कठड्यांवर, धावफलकावर जाहिराती असणे आता कुणालाच नवे नाही. पण तेथील पंचांचा गणवेश तोवर कोरा राहिला होता आणि त्या कोरेपणाला अर्थ होता. मैदानावरचा हा एक माणूस कोणाच्याही बाजूचा नाही, असे दोन्ही संघ आणि हजारो प्रेक्षक गृहीत धरतात, म्हणून तर त्याचा निर्णय चुकीचा वाटला तरी निमूटपणे पाळला जातो. त्याच माणसाच्या अंगावर हे नाव आले. नाव होते एफटीएक्स. कूटचलनांची, म्हणजे क्रिप्टोकरन्सींची, खरेदी-विक्री करून देणारी ही कंपनी तेव्हा जेमतेम दोन वर्षांची होती.

'पाचामुखी परमेश्वर' म्हणणाऱ्या आपल्या भाषेत पंच या शब्दाला किती वजन आहे, हे वेगळे सांगायला नको. एखाद्या कंपनीला खेळाडूची लोकप्रियता हवीशी वाटते हे समजते. पण षटकार मारणे किंवा गोल करणे हे पंचाचे काम नाही, त्याच्या नावाने कोणी घोषणा देत नाही, त्याची सही घ्यायला मुले रांगा लावत नाहीत. त्याच्याजवळ असते ती एकच गोष्ट, विश्वासार्हता. लोकांनी आपला पैसा आपल्या स्वाधीन करावा अशी ज्या कंपनीची इच्छा होती, तिला खेळाच्या जगातून नेमके काय उचलून न्यायचे होते, ते तिने निवडलेल्या या जागेवरून जितके स्पष्ट दिसते तितके कोणत्याही करारपत्रातून दिसणार नाही.

पुढे जे घडले ते सर्वश्रुत आहे. ११ नोव्हेंबर २०२२ रोजी एफटीएक्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच आठवड्याच्या अखेरीस ब्राझीलमध्ये फॉर्म्युला वनची शर्यत होती आणि मर्सिडीज संघाला आपल्या गाड्यांवरून हे नाव घाईघाईने उतरवावे लागले. मायामीतील बास्केटबॉलच्या क्रीडागृहाला १९ वर्षे हे नाव राहावे म्हणून १३ कोटी ५० लाख डॉलरचा करार झाला होता. तो दोन वर्षेही टिकला नाही. ग्राहकांचे सुमारे ८०० कोटी डॉलर जागेवर नव्हते. संस्थापक सॅम बँकमन-फ्राइड याला २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने फसवणुकीसाठी दोषी ठरवले आणि मार्च २०२४ मध्ये २५ वर्षांची शिक्षा सुनावली.

मला या लेखात एफटीएक्सच्या फसवणुकीविषयी मात्र फारसे बोलायचे नाही. फसवणूक झाली, गुन्हेगार सापडला, शिक्षा झाली, असे म्हटले की विषय संपतो आणि खेळाच्या संघटना 'आम्हीही फसलो' म्हणून बाजूला होतात. माझे म्हणणे त्यापेक्षा अवघड आहे. एफटीएक्सचा कारभार पूर्ण प्रामाणिक असता तरीही पंचांच्या गणवेशावर ते नाव असणे चुकीचेच ठरले असते. कूटचलनाच्या कंपन्यांचे प्रायोजकत्व आणि इतर व्यापारी प्रायोजकत्व यांत जातीचाच फरक आहे, आणि तो फरक नजरेआड करून खेळाच्या संघटना जे करार करतात त्यांची किंमत संघटना मोजत नाहीत, त्यांचे चाहते मोजतात.

आधी २०२० आणि २०२१ या दोन वर्षांचे चित्र नीट पाहावे लागेल. २०२० मध्ये महासाथीमुळे मैदाने ओस पडली, तिकिटांचे उत्पन्न आटले आणि मोठमोठे क्लब कर्जाच्या ओझ्याखाली आले. नेमक्या त्याच काळात कूटचलनांचे भाव चढत गेले. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका बिटकॉइनचा भाव ६९ हजार डॉलरच्या घरात पोहोचला. एकीकडे पैशासाठी आसुसलेला खेळ, दुसरीकडे पैसा ओसंडून वाहत असलेला पण ओळख नसलेला धंदा. त्याच नोव्हेंबरात लॉस एंजेलिसच्या प्रसिद्ध स्टेपल्स सेंटरचे नाव बदलून क्रिप्टो डॉट कॉम अरीना करण्याचे जाहीर झाले. २० वर्षांसाठी ७० कोटी डॉलर असा आकडा तेव्हा छापून आला. क्रिप्टो डॉट कॉम ही कूटचलनांचीच कंपनी. तिचेच नाव फॉर्म्युला वनमध्ये आले, मुष्टियुद्धासारख्या झुंजींच्या यूएफसी स्पर्धेत आले आणि २०२२ च्या कतारमधील फुटबॉल विश्वचषकाच्या प्रायोजकांतही आले. वाहत्या गंगेत सगळ्यांनीच हात धुऊन घेतले. ज्या संघटनांना पैशाची निकड होती त्यांना मी दोष देणार नाही. पण निकड होती म्हणून काय गहाण पडले, ते विचारण्याचा हक्क प्रेक्षकाला आहे.

यावर पहिला प्रश्न असा येतो की, शीतपेयाच्या, मोटारीच्या किंवा विमान कंपनीच्या प्रायोजकत्वाला आपण हरकत घेत नाही, मग इथेच का घ्यायची? खरी मेख या प्रश्नातच आहे. शीतपेयाची जाहिरात पाहून मी ते विकत घेतले आणि मला आवडले नाही, तर माझे नुकसान एका बाटलीपुरते. मोटारीची जाहिरात पाहून आणखी हजार जणांनी ती मोटार घेतली म्हणून माझ्या मोटारीचे इंजिन अधिक चांगले चालत नाही; वस्तूचा उपयोग वस्तूत असतो, गिऱ्हाइकांच्या गर्दीत नसतो. बहुतांश कूटचलनांचे तसे नाही. त्यांच्यामागे कारखाना नाही, भाडे देणारी इमारत नाही, नफा वाटणारी कंपनी नाही, कर गोळा करणारे सरकार नाही. आज जो एका भावाने विकत घेतो त्याला उद्या अधिक भाव देणारा कोणी मिळाला तरच त्याचा फायदा होतो. म्हणजे नवा गिऱ्हाईक हाच भाव वाढण्याचा आधार. अशा धंद्यात जाहिरात ही मालाची ओळख करून देणारी गोष्ट राहत नाही. ती मालाचा कच्चा माल होते. आणि भरलेल्या क्रीडागृहाइतका, किंवा विश्वचषकाच्या अंतिम सामन्यासमोर बसलेल्या कोट्यवधी लोकांइतका, हा कच्चा माल दुसरीकडे कुठे एकगठ्ठा मिळणार?

हे केवळ तर्काने मांडलेले म्हणणे नाही. मध्यवर्ती बँकांची बँक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सच्या अभ्यासकांनी २०१५ ते २०२२ या काळातील ९५ देशांमधली, क्रिप्टोच्या मोबाइल ॲप वापरणाऱ्यांची माहिती तपासली. त्यांना दिसले ते असे की, भाव चढला की त्यामागून नवे लोक येतात. या लोकांपैकी सुमारे ४० टक्के ३५ वर्षांखालील पुरुष असतात. आणि त्यांच्या अंदाजाप्रमाणे ७३ ते ८१ टक्के लोकांना बिटकॉइनमध्ये केलेल्या गुंतवणुकीत तोटा झाला असण्याची शक्यता आहे. याच संस्थेच्या पुढच्या एका टिपणात आणखी एक निरीक्षण आहे, जे मला अधिक अस्वस्थ करते. २०२२ मध्ये बाजार कोसळत असताना मोठे धारक विकून बाहेर पडत होते आणि छोटे लोक खरेदी करत होते. आता ३५ वर्षांखालचे पुरुष सर्वांत मोठ्या संख्येने एकत्र कुठे सापडतात, हे कोणत्याही जाहिरात कंपनीला विचारा. ती खेळाच्या प्रक्षेपणाकडेच बोट दाखवील.

कोणी म्हणेल की भाव नंतर पुन्हा चढला, २०२४ च्या डिसेंबरमध्ये तर बिटकॉइनने १ लाख डॉलरचा टप्पा ओलांडला, मग तोटा कुठे राहिला? एफटीएक्सच्या बहुतेक ग्राहकांनाही दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून दिवाळखोरीच्या दिवशीच्या डॉलरमधील रकमेपेक्षा थोडे अधिकच मिळण्याची तरतूद झाली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या लपवण्याचे कारण नाही. परंतु ज्याचे बिटकॉइन अडकले होते त्याला पैसे मिळाले ते १६-१७ हजारांच्या पडत्या भावाने. मधल्या काळातली वाढ त्याला मिळाली नाही, आणि दोन वर्षे त्याच्या हातात काहीच नव्हते. शिवाय ज्याने चढत्या भावात उसने-पासने करून घेतले आणि कोसळत्या भावात घाबरून विकले, त्याच्यासाठी तो भाव परत कधी चढला याला काही अर्थ उरत नाही. धीर धरून बसण्यासाठी गाठीला जे लागते ते जाहिरात पाहून आलेल्या नवख्या पोराजवळ नसते. मोठ्या धारकाजवळ असते.

१३ फेब्रुवारी २०२२ ची सुपर बोलची रात्र मला या सगळ्या काळाचे सार वाटते. अमेरिकेत वर्षातून सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या अमेरिकन फुटबॉलच्या या सामन्याच्या जाहिरातींत त्या वर्षी एफटीएक्स, क्रिप्टो डॉट कॉम आणि इतर कंपन्यांनी गर्दी केली होती. अर्ध्या मिनिटाला सुमारे ६५ लाख डॉलर मोजावे लागत होते. त्यात कॉइनबेस या कंपनीने पूर्ण ६० सेकंद घेतले, आणि त्या ६० सेकंदांत दाखवले काय, तर काळ्या पडद्यावर एक क्यूआर कोड. तो एका कोपऱ्याकडून दुसऱ्या कोपऱ्याकडे सावकाश तरंगत जात होता, काठावर आपटत होता आणि आपटला की रंग बदलत होता. निवेदक नाही, माणूस नाही, कंपनीचे नावही अगदी शेवटच्या क्षणी. घराघरांत लोकांनी मोबाइल उचलून पडद्यापुढे धरले. कोड टिपला की कंपनीचे पान उघडे आणि नव्या खातेदाराला १५ डॉलरचे बिटकॉइन फुकट देऊ केलेले असे. मिनिटाभरात इतके लोक तुटून पडले की कंपनीची यंत्रणा काही काळ बंद पडली. जाहिरात म्हणून तिचे अपार कौतुक झाले, पारितोषिके मिळाली.

त्या मिनिटात आपण काय विकतो आहोत याविषयी एक शब्दही उच्चारला गेला नाही. भाव पडू शकतो, सगळी रक्कम जाऊ शकते, ठेवीला विम्याचे संरक्षण नाही, यांपैकी काहीही नाही. त्या रात्री बिटकॉइन ४२ हजार डॉलरच्या आसपास होते, वर्षअखेर १७ हजारांच्या खाली. पुढच्या वर्षीच्या सुपर बोलमध्ये या कंपन्यांची एकही जाहिरात नव्हती. सामना तोच, प्रेक्षक तेच; आदल्या वर्षी मोबाइल उचलून खाते उघडलेल्या माणसाच्या खात्यात काय उरले, याचा उल्लेख प्रक्षेपणात कोणी केला नाही. तो करण्याची जबाबदारी कोणाची होती? कंपनीची म्हणावी तर ती गैरहजर होती. वाहिनीचे आणि लीगचे पैसे आदल्या वर्षीच जमा झाले होते.

यापेक्षाही जवळून घाव घालणारी गोष्ट म्हणजे फॅन टोकन. क्लबच्या नावाने एक आभासी नाणे काढायचे, ते चाहत्यांना विकायचे आणि त्याच्या बदल्यात काही किरकोळ बाबींवर मत देण्याचा हक्क द्यायचा, अशी ही योजना. विजयानंतर मैदानात कोणते गाणे वाजावे, बसवर कोणते चित्र असावे, असले ते प्रश्न. क्लबचा प्रशिक्षक कोण असावा, तिकीट किती असावे, क्लब कोणाला विकला जावा, यांवर नव्हे. हे टोकन घेण्यासाठी चाहत्याला बहुतेक वेळा आधी चिलिझ नावाचे दुसरे कूटचलन विकत घ्यावे लागते, म्हणजे गाण्यावर मत द्यायला निघालेला माणूस वाटेत दोनदा सट्ट्याच्या बाजारातून जातो. डिसेंबर २०२१ मध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियंत्रण संस्थेने आर्सेनल क्लबच्या अशा जाहिरातींवर बंदी घातली. ग्राहकांच्या अननुभवाचा फायदा घेतला, गुंतवणुकीचे गांभीर्य कमी करून दाखवले आणि नफ्यावर कर लागू शकतो हे सांगितले नाही, असे आक्षेप होते. क्लबने फेरविचार मागितला, तरी निर्णय कायम राहिला.

क्लबवरचे प्रेम ही विकत घेता येण्याजोगी गोष्ट नव्हती म्हणून तर ते प्रेम होते. बाप आपल्या पोराला खांद्यावर बसवून सामन्याला नेतो, संघ हरला तर रविवारी घरात कोणी धड बोलत नाही, खालच्या विभागात घसरलेल्या क्लबच्या मागे लोक तीस-तीस वर्षे उभे राहतात. यात नफ्या-तोट्याचा हिशेब कुठेच नसतो. फॅन टोकनने त्या निष्ठेला बाजारभाव लावला. २२ नोव्हेंबर २०२२ रोजी विश्वचषकात सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला २-१ असे हरवले आणि अर्जेंटिनाच्या टोकनचा भाव त्याच दिवशी धाडकन कोसळला. पराभवाचे दुःख चाहत्याला नवे नाही. त्या दुःखाच्या जोडीला खिशाला चाट बसणे मात्र नवे होते. आणि संघ हरणार असे वाटू लागले की टोकन विकून मोकळे होण्याचा मोह ज्याच्यापुढे उभा केला जातो, तो माणूस अजून चाहता आहे की दलाल, हे त्याचे त्यालाही सांगता येणार नाही. हा धोका आधी ओळखला तो चाहत्यांनीच. लंडनमधील वेस्ट हॅमच्या समर्थकांनी विरोध केल्यावर क्लबने २०२० मध्ये टोकनचा करार सोडून दिला. क्रिस्टल पॅलेसच्या समर्थकांनी पुढच्या वर्षी भर मैदानात निषेधाचा फलक फडकावला. व्यवस्थापनांना जे दिसले नाही किंवा पाहायचे नव्हते, ते गॅलरीतल्या सामान्य माणसाला दिसले.

यावरचा सर्वांत प्रामाणिक आक्षेप स्वातंत्र्याचा आहे. सज्ञान माणसाने आपल्या कमाईचे काय करावे हे त्याने ठरवावे, त्याला शहाणपण शिकवणारे आपण कोण? हा आक्षेप मी मानतो, आणि म्हणूनच माझे म्हणणे कूटचलनावर बंदी घालावी असे नाही. ज्याला घ्यायचे त्याने वाचून, समजून, जोखीम पत्करून घ्यावे. पण सामना पाहायला बसलेला माणूस गुंतवणुकीचा विचार करायला बसलेला नसतो. त्याचे मन चेंडूमागे असते, रक्त तापलेले असते, आपल्या माणसांवर त्याचा भरवसा असतो. बँकेत किंवा दलालाकडे जाताना माणूस जी सावधगिरी बाळगतो, ती घरात ठेवून तो मैदानात येतो. स्वातंत्र्याचा आदर करायचा तर निर्णयाच्या क्षणी माणसाचे मन मोकळे असावे लागते, आणि प्रायोजकत्वाची सगळी किमया ते तसे नसावे यातच आहे. शिवाय त्या गॅलरीत आणि त्या पडद्यासमोर सज्ञान नसलेली मुलेही बसलेली असतात. जर्सी तर त्यांच्याच मापाच्याही छापल्या जातात.

दुसरा आक्षेप असा की, आता कायदे आले आहेत. आले आहेत, हे खरे. स्पेनच्या रोखे बाजार नियामकाने २०२१ मध्ये फुटबॉलपटू आंद्रेस इनिएस्ताला एका क्रिप्टो कंपनीच्या प्रसिद्धीबद्दल जाहीरपणे टोकले आणि पुढच्या वर्षी अशा जाहिरातींसाठी नियम केले. भारतात जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेने १ एप्रिल २०२२ पासून प्रत्येक क्रिप्टो जाहिरातीत जोखमीचा इशारा सक्तीचा केला. ब्रिटनने ८ ऑक्टोबर २०२३ पासून ठळक इशारा, नव्या ग्राहकाला २४ तास थांबवून विचार करायला लावणे आणि मित्राला आणा, बक्षीस मिळवा अशा योजनांवर बंदी, असे कडक नियम लागू केले. युरोपीय संघाची परवाना पद्धतही २०२४ अखेर पूर्णपणे अमलात आली. या सगळ्याचे स्वागतच केले पाहिजे. मात्र हे नियम ज्या जाहिरातीला डोळ्यांसमोर ठेवून केले आहेत ती वाक्ये बोलणारी जाहिरात आहे. जर्सीच्या बाहीवरचे चार अक्षरी नाव काहीच बोलत नाही, आणि नेमके म्हणूनच ते सगळे बोलून जाते. बाहीवर इशारा लिहायला जागा नसते. क्रीडागृहाच्या नावापुढे 'येथे गुंतवलेली सर्व रक्कम बुडू शकते' अशी पाटी लागत नाही. समालोचक दर पाच मिनिटांनी ते नाव उच्चारतो तेव्हा इशाराही उच्चारत नाही. इशारा सक्तीचा करणाऱ्या कायद्याला बगल देण्याचा सर्वांत प्रतिष्ठित मार्ग म्हणजे प्रायोजकत्व.

हे पूर्वी एकदा घडून गेले आहे. अमेरिकेत सिगारेटच्या दूरचित्रवाणीवरील जाहिराती २ जानेवारी १९७१ पासून बंद झाल्या. त्याच वर्षी तेथील नॅसकार मोटार शर्यतींची मालिका एका सिगारेट कंपनीच्या नावाने, विन्स्टन कप म्हणून, धावू लागली आणि २००३ पर्यंत धावत राहिली. जाहिरातीची खिडकी बंद झाली तसे खेळाचे दार उघडले गेले, आणि जी वाहिनी सिगारेटची जाहिरात दाखवू शकत नव्हती तिच्यावर सिगारेटचे नाव पूर्वीपेक्षा अधिक वेळ दिसू लागले. फॉर्म्युला वनमधून तंबाखू हटवायला युरोपात २००५ साल उजाडावे लागले. जुगाराच्या बाबतीतही तेच. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधील क्लबांनी जर्सीच्या दर्शनी भागावरून जुगार कंपन्यांची नावे २०२५-२६ च्या मोसमाअखेर काढण्याचे २०२३ मध्ये ठरवले. तोवर एक अख्खी पिढी ती नावे छातीवर मिरवत मोठी झाली होती. ती जागा आता मोकळी होत असताना तिच्याकडे कोणाची नजर लागली असेल, हे ओळखायला फार दूरदृष्टी लागत नाही.

कायद्याच्या हाताला मर्यादा कुठे पडते ते न्यायालयातही दिसले. एफटीएक्सची प्रसिद्धी करणाऱ्या टॉम ब्रेडी, स्टीफन करी, नाओमी ओसाका अशा नामवंतांवर गुंतवणूकदारांनी दावे लावले. २०२५ मध्ये त्यांपैकी बहुतेक दावे फेटाळले गेले. कंपनीत चाललेली फसवणूक या खेळाडूंना ठाऊक होती, हे दाखवता आले नाही. निकाल कायद्याला धरून असेल. पण त्याचा व्यवहारातला अर्थ असा निघतो की, नाव देणाऱ्याने जितके कमी विचारावे तितका तो सुरक्षित. चौकशी करणारा अडकतो आणि न करणारा सुटतो, अशी जिथे स्थिती असते तिथे कायद्याची वाट पाहत बसणे पुरेसे नाही. संघटनेने स्वतःचा नियम स्वतः केला पाहिजे.

क्लबांचे स्वतःचे हितही यातच आहे, पण त्याविषयी थोडक्यातच सांगतो, कारण माझी काळजी क्लबांच्या तिजोरीची नाही. मँचेस्टर सिटीने नोव्हेंबर २०२१ मध्ये थ्रीकी नावाच्या क्रिप्टो कंपनीशी भागीदारी जाहीर केली आणि त्या कंपनीचे म्हणून सांगितलेल्या अधिकाऱ्यांचा कुठे मागमूसच लागेना, तेव्हा काही दिवसांत ती स्थगित केली. वॉशिंग्टनच्या नॅशनल्स बेसबॉल संघाने फेब्रुवारी २०२२ मध्ये टेरा या कूटचलनाशी पाच वर्षांचा सुमारे ३ कोटी ८० लाख डॉलरचा करार केला. मे महिन्यात ते चलन शून्यावर आले. इटलीतील इंटर मिलान क्लबला डिजिटलबिट्स या क्रिप्टो प्रायोजकाकडून ठरलेले हप्ते मिळेनात, शेवटी २०२३ मध्ये जर्सीवरून ते नाव उतरवावे लागले आणि त्या मोसमातला चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना संघ दुसऱ्याच प्रायोजकाच्या नावाने खेळला. ज्या चाहत्याने मोसमाच्या सुरुवातीला जर्सी विकत घेतली, त्याच्याकडे ते बुडालेले नाव तसेच राहिले.

मग काय करावे? सगळ्या क्रिप्टो कंपन्या लबाड आहेत असे मी म्हणत नाही, त्यामुळे सरसकट दार बंद करा असेही म्हणणार नाही. पण काही जागा कोणत्याही किमतीला विकायच्या नाहीत हे आधी ठरवावे. पंचांचा गणवेश ही त्यांतली पहिली जागा, मुलांच्या मापाची जर्सी ही दुसरी. ब्रिटनमध्ये जुगार कंपन्यांची नावे मुलांच्या जर्सीवर छापायची नाहीत असा संकेत फार पूर्वीपासून आहे. तो इथे लागू करायला नवा कायदा लागत नाही, इच्छा लागते. लोकांच्या करातून किंवा लोकांच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या क्रीडागृहाचे नाव हीसुद्धा अशीच जागा आहे. क्लबने स्वतःच्या नावाचे टोकन काढणे तर पूर्ण थांबवावे, कारण तिथे क्लब केवळ जागा भाड्याने देत नाही, तो स्वतः विक्रेता होतो. उरलेल्या जागांसाठी, ज्या देशात स्पर्धा होते तिथला आणि जिथे ती प्रामुख्याने पाहिली जाते तिथला परवाना कंपनीकडे हवा, आणि ग्राहकांचे पैसे कंपनीच्या पैशांपासून वेगळे ठेवले आहेत याचा त्रयस्थ लेखापरीक्षकाचा दाखला दरवर्षी हवा. एफटीएक्सच्या बाबतीत एवढी एक गोष्ट कोणी मागितली असती तर गाडी तिथेच अडली असती.

आणखी एक अट मला या सगळ्यांहून महत्त्वाची वाटते. प्रायोजकत्वाच्या रकमेतला ठरावीक हिस्सा, समजा एक तृतीयांश, संघटनेने खर्च न करता करार संपल्यानंतर तीन वर्षांपर्यंत त्रयस्थाकडे ठेवावा. त्या काळात कंपनी बुडाली किंवा तिने ग्राहकांना फसवल्याचे सिद्ध झाले, तर तो पैसा प्रथम ग्राहकांच्या भरपाईकडे जावा. कारण या कंपन्यांचे उत्पन्न बहुतांशी छोट्या ग्राहकाच्या प्रत्येक खरेदी-विक्रीवरच्या शुल्कातून येते. क्लबच्या तिजोरीत येणारा पैसा फिरून फिरून त्याच्याच गॅलरीतून आलेला असतो. तो परत देण्याची वेळ आली तर हात वर करता येऊ नयेत, एवढेच या अटीत आहे. तिचा दुसरा फायदा असा की, आपलाही पैसा अडकलेला असल्यावर संघटना करारापूर्वी चार प्रश्न विचारील, जे आज विचारले जात नाहीत.

अशा अटी घातल्या तर कोणी करार करायलाच येणार नाही, असे व्यवस्थापनांकडून सांगितले जाईल. युरोपीय फुटबॉल महासंघाचा अनुभव इथे पाहण्यासारखा आहे. २०२२ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या प्रायोजकत्वाचा क्रिप्टो डॉट कॉमशी होऊ घातलेला मोठा करार कंपनीने नियमांविषयीच्या शंकांमुळे सोडून दिला, आणि स्पर्धा बंद पडली नाही. २०२४ मध्ये तीच कंपनी त्याच स्पर्धेची प्रायोजक म्हणून परतली. मधली दोन वर्षे तो करार नव्हता म्हणून एकाही चाहत्याने सामना पाहणे सोडले नाही. जागा रिकामी राहिली तर उत्पन्न बुडेल हे खरे, आणि लहान क्लबांना ते जड जाईल हेही खरे. त्यांच्यासाठी लीगच्या सामाईक उत्पन्नातून वाटा वाढवावा लागेल, आणि ते श्रीमंत क्लबांनी सोसले पाहिजे. मोठ्या क्लबांनी मात्र रिकाम्या जागेची भीती घालू नये. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या बार्सिलोनाच्या जर्सीच्या छातीवर १०० वर्षांहून अधिक काळ कोणत्याही प्रायोजकाचे नाव नव्हते; २००६ मध्ये पहिले नाव आले ते युनिसेफचे, आणि त्यासाठी पैसे घेण्याऐवजी क्लबनेच पैसे दिले. युरोपातले पहिले अजिंक्यपद त्यांनी १९९२ मध्ये वेम्ब्लीवर आणि दुसरे २००६ च्या मे महिन्यात पॅरिसमध्ये जिंकले, तेव्हा दोन्ही वेळा ती छाती कोरी होती.